बॉम्ब कॅलरीमीटर आयसोलेटेड की ॲडियाबॅटिक? फरक नेमका कुठे पडतो

तुझा प्रश्न असा की व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) बॉम्ब कॅलरीमीटर (इंधन बंद भांड्यात जाळून त्याची उष्णता मोजायचं उपकरण) दाखवून विचारलं ही सिस्टीम आयसोलेटेड का ॲडियाबॅटिक, तू म्हणालास सर दोन्ही एकच, दोन्हीत हीट आत-बाहेर जात नाही, आणि त्यांनी मान हलवून पुढच्या मुलाला बोलावलं. आता तुला कळत नाहीये की चुकलं काय. नीट सांगतो, कारण ही गोष्ट मलाही डिप्लोमाला असताना कळली नव्हती, नंतर कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, हवा दाबणाऱ्या मशीनांपाशी, उभं राहून कळली, आणि आता सव्वीस वर्षं तेच काम करतोय.

आधी सरळ उत्तर. आमच्याकडे मशीनची लॉगशीट असते, दर तासाला भरायची. तशी एक लॉगशीट कुठल्याही सिस्टीमची, म्हणजे आपण रेघ मारून विचारासाठी वेगळ्या काढलेल्या वस्तूची, आहे असं समज आणि तिच्यात तीनच रकाने आहेत: हीट किती आली-गेली, वर्क किती झालं, आणि माल किती आला-गेला, म्हणजे हवा, वाफ, पाणी जे काही असेल ते. आयसोलेटेड सिस्टीमच्या शीटवर तिन्ही रकान्यांत शून्य असतं. ॲडियाबॅटिकच्या शीटवर फक्त पहिल्या रकान्यात शून्य, बाकीचे दोन मोकळे, तिथं शून्यही येईल नाहीतर पाच हजारही येईल, त्याबद्दल ॲडियाबॅटिक हा शब्द काहीच बोलत नाही. म्हणून प्रत्येक आयसोलेटेड सिस्टीम ॲडियाबॅटिक असतेच, पण ॲडियाबॅटिक आहे म्हणून आयसोलेटेड असेलच असं अजिबात नाही. तुझं वाक्य अर्धं बरोबर होतं, "दोन्हीत हीट जात नाही" हे खरंच आहे, "म्हणून दोन्ही एक" इथं घसरलास.

अजून एक बारीक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते आणि आपण वाचत नाही. आयसोलेटेड हे सिस्टीमचं वर्णन आहे. ॲडियाबॅटिक हे मुळात भिंतीचं नाहीतर प्रोसेसचं वर्णन आहे, भिंत हीट सोडत नाही किंवा त्या प्रोसेसमध्ये हीट गेली नाही. ॲडियाबॅटिक सिस्टीम असं आपण बोलतो तेव्हा अर्थ एवढाच की हिच्या भिंती ॲडियाबॅटिक आहेत. काही पुस्तकं हा शब्द फक्त बंद सिस्टीमसाठी वापरतात, आम्ही इंजिनिअरिंगवाले टर्बाइनलाही बिनधास्त ॲडियाबॅटिक म्हणतो जिच्यातून तासाला शेकडो टन वाफ वाहत असते, तेव्हा कुठल्या पुस्तकातून बोलतोय हे लक्षात ठेव.

आता थर्मास घे. जेम्स ड्यूअरनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचा, मधे व्हॅक्यूम असलेला फ्लास्क केला तो लिक्विड झालेले गॅस टिकवायला, चहा हा नंतरचा उपयोग. झाकण घट्ट लावलं, आत चहा आहे, पाचदहा मिनिटांपुरतं बघितलं तर हीट जवळजवळ जात नाही, भिंत कडक आहे म्हणून व्हॉल्यूम बदलत नाही म्हणजे वर्क नाही, थेंबही बाहेर येत नाही. तीन शून्यं, आयसोलेटेड. खरी आयसोलेटेड सिस्टीम टेबलावर ठेवता येत नाही, रात्रभरात चहा कोमट होतोच, पण आपल्या कामाला एवढं पुरतं.

मग त्याच थर्मासमधे एक पंखा बसव, त्याचा दांडा झाकणातून बाहेर काढ आणि बाहेरून फिरव. हीट अजूनही शून्य आहे. पण दांड्यातून वर्क आत जातंय, पाणी घुसळलं जातंय आणि तापतंय. हा जेम्स ज्यूलचा १८४० च्या दशकातला प्रयोग, खाली पडणाऱ्या वजनानी पाण्यातली पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. आजच्या आकड्यात सांगायचं तर १ किलो पाणी १ अंशानी तापवायला ४२७ किलो वजन १ मीटर खाली यावं लागतं. म्हणून चहाचा थर्मास हलवला तरी चहा गरम होतोय असं कधी हाताला जाणवत नाही, वाढ होते पण अंशाच्या हजाराव्या भागात. तर ज्यूलचं ते भांडं ॲडियाबॅटिक आहे आणि आयसोलेटेड नाही. आणि बघ, त्या भांड्यातल्या पाण्याला एक कॅलरीसुद्धा "हीट" दिलेली नाही तरी पाणी तापलं. तापणं म्हणजे हीट मिळणं ही समजूत इथंच सोडून द्यायची.

पंख्याच्या जागी हीटर टाकला तर? ह्याच्यावर मी ट्रेनी मुलांना अडवतोच. घरातला १५ लिटरचा गीझर घे, २ किलोवॅटचा, इनलेट आउटलेट बंद, इन्सुलेशन चांगलं आहे असं धर. १० मिनिटात १२०० किलोज्यूल आत गेले, पाणी साधारण १९ अंशानी तापलं. आता सांग, ही हीट आहे का वर्क? उत्तर तू बाउंडरी कुठून काढली त्यावर आहे. कॉइलसकट सगळं आत घेतलंस तर बाउंडरी ओलांडतीये ती वीज, आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये वीज वर्कच्या रकान्यात जाते, म्हणजे सिस्टीम ॲडियाबॅटिक, हीट शून्य. फक्त पाणी घेतलंस आणि कॉइल बाहेर ठेवलीस तर तेच १२०० किलोज्यूल कॉइलच्या गरम पत्र्यातून हीट म्हणून येतायत आणि सिस्टीम ॲडियाबॅटिकही राहिली नाही. गीझर तोच, पाणी तेच, फक्त तुझ्या पेन्सिलीची रेघ दोन इंच सरकली. म्हणून कुठल्याही प्रश्नात आधी रेघ मार, मग नाव दे. रेघ न मारता "ही सिस्टीम कुठली" ह्याला उत्तरच नसतं.

आता माझ्या कामाचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं, इथं जरा थांबतो कारण ॲडियाबॅटिक म्हणजे काय हे मला ह्याच मशीननी शिकवलंय.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटानी दाबून दांडा पटकन चारपाच वेळा मारला तर पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे सगळ्यांनी केलंय. थोडं घासण्यानं होतं पण बरंचसं हवा दाबल्यामुळे. पंपाला इन्सुलेशन नाहीये, साधा पत्रा आहे, तरीपण एका मारापुरतं कॉम्प्रेशन जवळपास ॲडियाबॅटिक असतं कारण हीटला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ही दुसरी महत्त्वाची गोष्ट: ॲडियाबॅटिक व्हायला जाड इन्सुलेशन लागतंच असं नाही, घाई असली तरी चालतं. डिझेल इंजिन ह्याच घाईवर चालतं, १८ चा कॉम्प्रेशन रेशो असेल, म्हणजे हवा अठराव्या हिश्शाच्या जागेत दाबली, तर २७ अंशाची हवा हिशोबानी ६८० अंशापर्यंत जाते, खरी त्याच्या थोडी खाली राहते, आणि डिझेल फवारलं की प्लगशिवाय पेटतं.

फॅक्टरीची हवा ७ बार गेजची (गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो) म्हणजे आपण वातावरणाच्या ८ पट दाबतो. २७ अंशाची हवा एकाच टप्प्यात ॲडियाबॅटिक दाबली तर बाहेर येताना तिचं टेंपरेचर साधारण २७० अंश निघतं, १ किलो हवेला वर्क लागतं जवळपास २४५ किलोज्यूल. तेच कॉम्प्रेशन इतकं सावकाश आणि इतकं गार ठेवून केलं की हवा २७ अंशालाच राहिली, म्हणजे आयसोथर्मल, तर वर्क लागतं १७९. आणि प्रत्यक्षात जे करतात, दोन टप्पे आणि मधे इंटरकूलर लावून हवा परत २७ ला आणायची, त्यात लागतं २०९. हे आकडे आदर्श आहेत, खऱ्या मशीनला व्हॉल्व्ह, रिंगा, घर्षण सगळ्याची भर पडते, पण फरक केवढा आहे बघ, विजेच्या बिलात हाच दिसतो.

आमच्याकडे एक ट्रेनी मुलगा होता, मन लावून काम करणारा, त्यानं मला विचारलं होतं की सर पुस्तकात ॲडियाबॅटिक एफिशियन्सी जितकी जास्त तितकं मशीन चांगलं, मग आपण सिलिंडरला ग्लासवूल का गुंडाळत नाही, पक्कं ॲडियाबॅटिक होईल. मला तो प्रश्न फार आवडला. त्याला म्हटलं टर्बाइनला गुंडाळतात, जाडजूड गुंडाळतात, कारण टर्बाइनमधे वाफ फुगून आपल्याला वर्क देते आणि केसिंगमधून गेलेली हीट म्हणजे हातचं गेलेलं वर्क. कॉम्प्रेसरमधे आपण वर्क घालतोय, हवा जितकी गरम होईल तितकी ती फुगायला बघणार आणि तितकं पिस्टनला जास्त ढकलावं लागणार. म्हणून तिथं हीट घालवायलाच फिन्स काढतात, पाण्याचं जॅकेट देतात. ॲडियाबॅटिक एफिशियन्सी म्हणजे ॲडियाबॅटिक आणि रिव्हर्सिबल (घर्षण वगैरेत काही वाया न जाणाऱ्या, उलटं फिरवता येईल अशा) आदर्श मशीनशी केलेली तुलना, मशीनला चादर गुंडाळा असा सल्ला नाही. शब्द तोच, एकीकडे हवाहवासा आणि दुसरीकडे नको असलेला.

त्याच्या आधीची एक गोष्ट. नोकरीला तीनचार वर्षं झाली असतील, एका कारखान्यात दोन टप्प्यांचा रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर होता, पाण्यावर गार होणारा, आणि पाणी बोअरचं, जड. लॉगशीटवर दुसऱ्या टप्प्याचं डिलिव्हरी टेंपरेचर एरवी १४० च्या आसपास असायचं ते हळूहळू १५५, १७०, १८५ असं चढत गेलं आणि आम्ही सगळे उन्हाळा आहे म्हणून आकडा लिहीत गेलो. प्रेशर बरोबर येत होतं ना, मग कुणी बघितलं नाही. शेवटी एका रात्री १९० च्या वर गेला आणि डिलिव्हरी पाइपचा रंग करपल्याचा वास यायला लागला, मशीन बंद केलं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडला तर प्लेटांवर काळा कडक थर, तव्यावर करपलेल्या तेलासारखा, नखानी निघत नव्हता, खरवडावा लागला. तो सिलिंडरमधल्या तेलाचा कार्बन. इंटरकूलर उघडला तर नळ्यांमधे पांढरा खार, पेन्सिल जाणार नाही इतकी भोकं बारीक झालेली. हवा दुसऱ्या टप्प्यात ४० अंशाला जायला हवी ती ९० च्या आसपास जात होती. गणित करून बघ, ४० ला गेली तर ॲडियाबॅटिक हिशोबानी बाहेर १४८ येते, ९० ला गेली तर २१६. ५० अंश आत वाढले की बाहेर जवळजवळ ७० वाढतात, कारण गुणोत्तर केल्व्हिनमधे लागतं. असा कार्बन डिलिव्हरी लाइनमधे पेटून स्फोट झालेले आहेत, ही गंमतीची गोष्ट नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा ॲडियाबॅटिक टेंपरेचरचा फॉर्म्युला परीक्षेसाठी नाही तर खरंच काय झालं हे कळावं म्हणून लावला होता.

आता ह्या हवेची सिस्टीम म्हणून विचार कर: सिलिंडरमधली हवा जवळपास ॲडियाबॅटिक, पण क्रँकमधून वर्क येतंय, व्हॉल्व्हमधून हवा आत-बाहेर होतीये. आयसोलेटेड म्हणायला काही जागाच नाही. आणि आयसोलेटेड असती तर कामाचीच नसती, जिच्यात काही घालता येत नाही आणि जिच्यातून काही काढता येत नाही असं मशीन कोण विकत घेईल.

ह्या दोघांचा फरक सगळ्यात स्वच्छ कुठं दिसतो सांगू? एक कडक, इन्सुलेटेड डबा, मधे पडदा, एका बाजूला २७ अंशाची हवा आणि दुसरी बाजू रिकामी, व्हॅक्यूम. पडदा फोडला. हवा दुप्पट जागेत पसरली. हीट नाही, आणि ढकलायला समोर काहीच नाही म्हणून वर्कही नाही, डबा बंद आहे म्हणून माल नाही. तीन शून्यं, आयसोलेटेड. इंटर्नल एनर्जी तेवढीच राहिली म्हणून टेंपरेचर २७ च राहिलं, खऱ्या हवेत किंचित फरक पडतो पण तो सोड. आता तीच हवा इन्सुलेटेड सिलिंडरमधे घे आणि पिस्टन सावकाश मागे जाऊ दे, व्हॉल्यूम दुप्पट होईपर्यंत. हीट इथंही शून्य. पण हवेनं पिस्टनला ढकललं, वर्क केलं, ते स्वतःच्या एनर्जीतून केलं, आणि टेंपरेचर गेलं उणे ४६ अंशाला. दोन्हीत हीट शून्य, दोन्हीत व्हॉल्यूम दुप्पट, एक २७ वर आणि एक उणे ४६ वर. तुझ्या एक्स्टर्नलना हेच ऐकायचं होतं बहुतेक.

इथंच अजून दोन गैरसमज अडकलेत ते सोडवून घे. पहिला, ॲडियाबॅटिक म्हटलं की पोरं डोळे झाकून पीव्ही रेज्ड टू गॅमा कॉन्स्टंट (दाब गुणिले व्हॉल्यूमचा गॅमा घात कायम, हवेला गॅमा १.४) लिहितात. तो फॉर्म्युला ॲडियाबॅटिक आणि रिव्हर्सिबल दोन्ही असेल तरच, तोही आयडियल गॅसला. पडदा फोडल्यावर हीट शून्यच होती, तरी तिथं तो लावलास तर उणे ४६ येईल आणि ते साफ चूक आहे. दुसरा, ॲडियाबॅटिक म्हणजे एंट्रॉपी (एनर्जी किती विखुरली ह्याचं माप) कॉन्स्टंट. नाही. रिव्हर्सिबल ॲडियाबॅटिकला आयसेंट्रॉपिक म्हणतात, तिथं कॉन्स्टंट. पडद्याच्या केसमधे १ किलो हवेची एंट्रॉपी सुमारे ०.२ किलोज्यूल प्रति केल्व्हिन वाढली, एक थेंबही हीट न येता. सेकंड लॉ आपण "आयसोलेटेड सिस्टीमची एंट्रॉपी कमी होत नाही" असा पाठ करतो, पण बंद सिस्टीम नुसती ॲडियाबॅटिक असली तरी एंट्रॉपी कमी होऊ शकत नाही, कारण एंट्रॉपी बाहेर नेते ती हीट किंवा माल, वर्कबरोबर एंट्रॉपी जात नाही. ही एक गोष्ट दोघांमधे खरंच सारखी आहे, ती लक्षात ठेव.

तिसरा गैरसमज, आयसोलेटेड म्हणजे आतलं टेंपरेचर बदलत नाही. एनर्जी बदलत नाही, टेंपरेचर बदलू शकतं. चुनकळीवर पाणी ओतलेलं बघितलंयस का, भांडं नुसतं खदखदायला लागतं, वाफ येते, खाली जाळ नसताना. १ किलो चुनकळीतून अकराशे किलोज्यूलच्या वर हीट निघते. हेच कडक बंद इन्सुलेटेड भांड्यात झालं असं मनात धर (मनातच, करून बघू नकोस, फुटेल), तर तीन शून्यं असूनसुद्धा आतलं टेंपरेचर भराभर चढेल. केमिकल बाँडमधली एनर्जी थर्मल झाली, एकूण तेवढीच.

भिंतच नसलेली ॲडियाबॅटिक सिस्टीम बघायची असेल तर पावसाळ्यात घाटात जा. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला आपटते आणि वर चढते. वर दाब कमी म्हणून ती फुगते, फुगताना आजूबाजूच्या हवेला ढकलते म्हणजे वर्क करते, आणि एवढ्या मोठ्या हवेच्या गोळ्यातून तेवढ्या वेळात हीट फारशी जात नाही म्हणून ते वर्क तिच्याच एनर्जीतून जातं. कोरडी असेल तोपर्यंत किलोमीटरला ९.८ अंशानी गार होते, ढग धरायला लागला की वाफेची सुप्त उष्णता मिळते म्हणून साधारण त्याच्या निम्म्यानं. महाबळेश्वरला धोधो कोसळतो आणि पुढे पूर्वेला वाईपर्यंत उतरलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो, कारण उतरणारी हवा दाबली जाऊन परत तापते. हवेचा हा गोळा ॲडियाबॅटिक आहे, आयसोलेटेड असता तर आजूबाजूला ढकलताच आलं नसतं, गारही झाला नसता आणि ढगही धरला नसता. आवाजाचंही असंच, न्यूटननी हवेतला दाब-विरळपणा आयसोथर्मल धरला तर शून्य अंशाला वेग सेकंदाला २८० मीटर निघतो, लाप्लासनी ॲडियाबॅटिक धरून सुधारला तेव्हा ३३१ आला, जो खरा आहे.

आता तुझा बॉम्ब कॅलरीमीटर. कोळशाची जीसीव्ही (ग्रॉस कॅलरीफिक व्हॅल्यू, जाळल्यावर किती उष्णता देतो तो आकडा) काढायला लॅबमधे रोज लागतो. जाड स्टीलचा बॉम्ब, आत तीसेक बार ऑक्सिजन आणि १ ग्रॅम सँपल, तो साधारण २ लिटर पाण्याच्या बादलीत, बादलीभोवती जॅकेट, पाण्यात स्टरर, आणि सँपल पेटवायला बारीक तारेतून, म्हणजे फ्यूजमधून, करंट.

रेघ फक्त बॉम्बभोवती मारलीस तर स्टीलमधून हीट पाण्यात धो धो जाते, आणि तीच तर आपल्याला मोजायचीये. ही सिस्टीम आयसोलेटेडही नाही आणि ॲडियाबॅटिकही नाही, नुसती बंद आणि कडक. रेघ बादलीच्या बाहेरून मारलीस आणि जॅकेटचं पाणी सतत बादलीच्या टेंपरेचरला आणून ठेवलं, जसं ॲडियाबॅटिक टाइपच्या कॅलरीमीटरमधे करतात, तर दोन्हीकडे टेंपरेचर सारखं म्हणून हीट जाणार नाही. ॲडियाबॅटिक झाली. पण स्टररचा दांडा बाहेरून फिरतोय आणि तारेतून करंट येतोय, दोन्ही वर्कच्या रकान्यात, थोडेच पण शून्य नाहीत. म्हणून आयसोलेटेड नाही. बेंझोइक ॲसिडनी कॅलिब्रेट करताना १ ग्रॅमचे २६.४ किलोज्यूल धरतात, नेहमीच्या मशीनला टेंपरेचर अडीच-पावणेतीन अंश चढतं, आणि हिशोबात फ्यूजच्या तारेचं करेक्शन वेगळं धरतात ते मात्र मुख्यतः ह्या वर्कचं नाही, ती तार स्वतः जळते त्या उष्णतेचं. सिस्टीम आयसोलेटेड असती तरी ते करेक्शन करावंच लागलं असतं. रेघ आणखी बाहेर नेलीस, स्टररची मोटर, तिला चालवणारी बॅटरी, जॅकेट सगळं आत घेतलंस आणि त्याच्याबाहेर इन्सुलेशन धरलंस, तर मग ती जवळपास आयसोलेटेड.

परत व्हायव्हा असेल तर सरांना आधी विचार, सर रेघ कुठून धरू, आणि बादलीच्या बाहेरून म्हणाले तर सांग की ॲडियाबॅटिक, स्टरर आणि फ्यूजचं वर्क आत येतं म्हणून आयसोलेटेड नाही.